हडसनबाईंचा चेहरा कोणी काढला?

शेरलॉक होम्सच्या घरमालकीणबाईंची, म्हणजे मिसेस हडसन यांची, चाहत्यांनी काढलेली चित्रं शोधायला बसलं की पुन्हा पुन्हा एकच बाई समोर येते. वय साठ ते सत्तर. पांढऱ्या केसांचा अंबाडा, गळ्याशी ब्रोच, हातात चहाचा ट्रे आणि चेहऱ्यावर 'या पोराचं काय करावं' अशी वैतागलेली माया. चित्रकार जपानचा असो, ब्राझीलचा असो की आपल्या ठाण्या-पुण्याचा, अंबाडा आणि ट्रे काही सुटत नाही.

गंमत अशी की आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सवर लिहिलेल्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांमध्ये या बाईंचं वर्णनच नाही. वय नाही, उंची नाही, केसांचा रंग नाही. पाळण्यातलं नावसुद्धा नाही. होम्सच्या नाकापासून बोटांवरच्या रसायनांच्या डागांपर्यंत सगळं टिपणारा त्याचा मित्र आणि निवेदक डॉक्टर वॉटसन ज्या बाईंच्या घरात वर्षानुवर्षं जेवला, त्यांच्याबद्दल गप्प आहे. मग सगळ्यांनी मिळून एकच आजी कशी काढली? डिटेक्टिव्ह कथांमधल्या दुय्यम पात्रांवर जीव लावणाऱ्या आणि त्यांची चित्रं काढणाऱ्या माणसांसाठी हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे.

मूळ मजकूर काय सांगतो

१८८७ साली आलेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये घरमालकीण आहे, पण ती बिननावाची. रात्री वॉटसन होम्सची वाट बघत बसलेला असतो. दहाला मोलकरणीची पावलं टपटप करत झोपायला जातात. अकराला घरमालकिणीची पावलं दारावरून जातात आणि ती जास्त भारदस्त, संथ असतात. बाईंच्या अंगकाठीबद्दल, चालीबद्दल जे काही मिळतं ते एवढंच, आणि तेही दाराआडून ऐकलेलं. याच कादंबरीत त्यांचा एक टेरियर कुत्रा आहे. बिचारा बरेच दिवस आजारी असतो, त्याला एकदाचं सोडवा असं बाईंनी वॉटसनला सांगून ठेवलेलं असतं. होम्स संशयास्पद गोळ्यांची परीक्षा त्याच्यावरच घेतो. हडसनबाईंच्या एवढ्या चित्रांत तो कुत्रा मला जवळजवळ कधीच दिसलेला नाही. मांजर मात्र हमखास असते. ती कुठून आली ते पुढे बघू.

हडसन हे आडनाव मिळतं १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये. पितळी तबकात मिस मॉर्स्टनचं कार्ड घेऊन त्या येतात. रस्त्यावरची अनवाणी पोरं धडधडत जिना चढून येतात तेव्हा त्यांचा हताश आरडाओरडा ऐकू येतो. होम्स रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालतो तेव्हा त्याच्या तब्येतीची काळजी त्या वॉटसनकडे बोलून दाखवतात. १८९१ च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'त जेवणाचा ट्रे आणणारी बाई अचानक मिसेस टर्नर होते आणि पुढे गायब होते. डॉयल यांचा विसरभोळेपणा, दुसरं काय. चाहत्यांनी मात्र या टर्नरबाईंवरही शाई खर्च केली आहे.

'द नेव्हल ट्रीटी'मधला नाश्ता आपल्याकडच्या वाचकांना आवडावा. हडसनबाई त्या सकाळी चक्क चिकन करी करतात. बाईंचा स्वयंपाक मर्यादित आहे, पण नाश्त्याची समज स्कॉटिश बाईइतकी चांगली आहे, असं होम्स झाकण उचलता उचलता म्हणतो. या एका वाक्यावरून बाई स्कॉटलंडच्याच, असं कितीतरी जणांनी ठरवून टाकलं. वाक्य नीट वाचलं तर उलटंच वाटतं. स्कॉटिश बाईला कुणी 'स्कॉटिश बाईइतकी' का म्हणेल? पण चेहऱ्यावर तांबूस झाक आणि खांद्यावर चौकटीची शाल चितारायला ते पुरेसं ठरलं. करीकडे फारसं कुणी बघितलं नाही. वरच्या मजल्यावरचा डॉक्टर फौजेत होता आणि अफगाणिस्तानच्या लढाईवर जाताना मुंबई बंदरात उतरला होता, हे पहिल्याच कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात आहे. करीची फर्माईश त्याचीच असेल का? अशा ठिकाणी चित्र काढायला जागा असते.

आता 'द डाइंग डिटेक्टिव्ह', १९१३. बाईंबद्दल सलग काही सांगणारा परिच्छेद मिळतो तो या कथेच्या सुरुवातीला. वेळीअवेळी येणारी संशयास्पद माणसं, भलत्या वेळी व्हायोलिन, घरात पिस्तुलाचा सराव, रसायनांचा उग्र वास, आणि कायम डोक्यावर टांगलेला धोका. लंडनमधला सगळ्यात वाईट भाडेकरू, असं वॉटसन सरळ लिहितो. पण पैसे तो राजासारखे देत असे. आपण तिथं राहत होतो तेवढ्या वर्षांत होम्सने दिलेल्या भाड्यात ते घर विकत घेता आलं असतं, असं वॉटसनचं मत आहे. बाईंना त्याचा अतोनात धाक होता. त्याच्या विचित्र वागण्यात हात घालायची त्यांची छाती नव्हती. तरी त्यांना तो आवडायचा, कारण बायकांशी तो फार सौम्यपणे आणि अदबीने वागायचा.

पडद्यावरच्या आणि चित्रांतल्या हडसनबाई होम्सचा कान पिळतात, त्याला झापतात. मजकुरात तसं काही नाही. पण त्याच कथेत, होम्स तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडलेला, डॉक्टर नको म्हणत असताना, 'तुमची परवानगी असो की नसो, मी आत्ता डॉक्टर आणायला चालले' असं सांगणाऱ्याही याच बाई आहेत. एरवी ज्याच्यासमोर तोंड उघडत नाही, त्याच्यासमोर जीवावर बेतल्यावर उघडलेलं तोंड. कान पिळण्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी मोठा आहे. शेवटी कळतं की होम्सचा आजार खोटा होता. बाईंना तो खरा वाटणं अत्यंत गरजेचं होतं, कारण त्या वॉटसनला सांगणार आणि वॉटसन पुढे गुन्हेगाराला. म्हणजे बाईंचं दारात थरथरत रडणं हा होम्सच्या बेताचाच भाग होता. त्याबद्दल त्यांची माफी मागितल्याचं कथेत कुठे येत नाही. फॅनआर्टमध्येही या प्रसंगाकडे फारसं कुणी फिरकत नाही.

आजी आली कुठून

इथे हिशोब मांडायला हवा.

१९१७ साली प्रसिद्ध झालेली 'हिज लास्ट बाउ' ही कथा ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडते. जर्मन हेराच्या घरात मार्था नावाची एक म्हातारी नोकर आहे. लालसर चेहरा, डोक्यावर खेडवळ टोपी, हातात विणकाम, शेजारी मोठी काळी मांजर. शेवटी कळतं की ती होम्सनेच पेरलेली आहे. ही मार्था म्हणजेच हडसनबाई, असं मांडणाऱ्यांत अमेरिकन होम्सप्रेमी व्हिन्सेंट स्टॅरेट यांचं नाव अग्रभागी येतं. डॉयल यांनी तसं कुठेही लिहिलेलं नाही. पण कल्पना इतकी गोड होती की लोकांनी ती उचलली. पाळण्यातलं नाव मिळालं, लालसर गाल मिळाले, विणकाम मिळालं आणि हो, मांजरही मिळाली. टेरियर बाहेर गेला.

बरं, ही ओळख खरी धरू. होम्स आणि वॉटसन हडसनबाईंच्या बेकर स्ट्रीटवरच्या घरात राहायला आले ते १८८१ च्या सुमारास. १९१४ ची मार्था सत्तरीची धरली तर तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. ऐंशीची धरली तरी सत्तेचाळीस. उलट, चित्रांमध्ये असते तशी पासष्टीची घरमालकीण १८८१ मध्ये धरली तर जर्मन हेराच्या घरात ती अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी नोकरी करत होती. म्हणजे ज्या पुराव्यावर आजी उभी केली, त्याच पुराव्याने बेकर स्ट्रीटची घरमालकीण तरुण ठरते. हा हिशोब होम्सच्या मागे पडणाऱ्या पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडलासुद्धा जमला असता.

लोकांच्या मनात मात्र आकडे राहत नाहीत, चेहरे राहतात, आणि चेहरे दिले पडद्याने. होम्स आणि वॉटसन यांना चेहरे मिळाले ते १८९१ पासून 'द स्ट्रँड मॅगझिन'मध्ये सिडनी पॅजेट यांनी काढलेल्या चित्रांतून. घरमालकिणीला असा ठरलेला चेहरा मिळालाच नाही. ती जागा सिनेमाने भरली. १९३९ पासून बॅझिल रॅथबोनच्या होम्सपटांमध्ये मेरी गॉर्डन ही ग्लासगोला जन्मलेली नटी हडसनबाई झाली, आणि स्कॉटिशपणाचा शिक्का बसला. सोव्हिएत रशियात १९७९ पासून इगोर मास्लेनिकोव यांनी दूरदर्शनसाठी होम्सपट केले. त्यात रिना झेल्योनाया होती. तिचा जन्म १९०१ चा, म्हणजे भूमिकेला सुरुवात झाली तेव्हा तिने पंचाहत्तरी ओलांडलेली. १९८४ ते १९९४ या काळात जेरेमी ब्रेटच्या मालिकेत रोझली विल्यम्स. आणि २०१० ते २०१७ मध्ये, आजच्या लंडनमध्ये घडणाऱ्या मालिकेत ऊना स्टब्ज. चौघीही गुणी आणि चौघीही वयस्कर. आज जी हडसनबाईंची चित्रं म्हणून दिसतात त्यातली बरीचशी प्रत्यक्षात ऊना स्टब्ज किंवा रोझली विल्यम्स यांची व्यक्तिचित्रं आहेत. त्यात वाईट काही नाही. आवडत्या नटीचं चित्र काढणं हे प्रेमच आहे. फक्त ते कुणावरचं प्रेम आहे ते ओळखावं. मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीजवळ होम्स-वॉटसनचा पुतळा आहे, तोही वसिली लिवानोव आणि विताली सोलोमिन या सोव्हिएत होम्सपटांतल्या नटांचेच चेहरे घेऊन. दगडा-धातूतसुद्धा पडदाच जिंकतो.

यातून एक माणूस निसटला, तो जपानमध्ये. १९८४ साली आलेल्या 'मेइतान्तेई होम्स' या ॲनिमेशन मालिकेत सगळी पात्रं कुत्री आहेत. तिचे सहा भाग हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केले. त्यातली हडसनबाई तरुण विधवा आहे. तिचा नवरा वैमानिक होता, ती स्वतःही विमानातून फिरते, गाडी सुसाट हाकते. एका भागात होम्सचा शत्रू मॉरिआर्टी तिला पळवून नेतो. ती शांतपणे त्याच्या कळकट अड्ड्याची झाडलोट करते, स्वयंपाक करते, आणि मॉरिआर्टी आणि त्याचे हस्तक तिच्यावर लट्टू होतात. कुत्र्याचं नाक आणि लांब कान असलेली ही बाई मूळ मजकुराच्या विरोधात जाते असं वरवर वाटतं. पण वय कुठे लिहिलंय? नवरा वारलेला की जिवंत, हेही कुठे लिहिलेलं नाही. मियाझाकींनी मोकळी जागा बघितली आणि ती अंबाड्याने भरायचं नाकारलं.

ज्याला साक्षीदार नाही तो प्रसंग

माझ्या मते हडसनबाईंचं सर्वात काढण्यासारखं चित्र 'द एम्प्टी हाउस'मध्ये आहे, आणि ते अवघडही तितकंच आहे.

एप्रिल १८९४. तीन वर्षं मेलेला समजला गेलेला होम्स दुपारी दोन वाजता बेकर स्ट्रीटच्या घरात येऊन उभा राहतो. बाईंना जबर झटका बसतो, त्या आरडाओरडा करतात. आणि त्याच संध्याकाळी होम्स त्यांच्यावर एक काम सोपवतो. खिडकीत त्याचा मेणाचा अर्धपुतळा ठेवलेला आहे, ग्रेनोबलच्या ऑस्कर म्युनिए यांनी घडवलेला. दिव्याच्या उजेडात त्याची सावली पडद्यावर पडते. समोरच्या अंधाऱ्या घरातून कर्नल सेबॅस्टियन मोरन नेम धरणार आहे. हा भारतात वाघ मारून नाव कमावलेला निशाणबाज, हातात आवाज न करणारी हवेची बंदूक. पुतळा जिवंत वाटावा म्हणून दर पाव तासाने तो थोडा हलवायचा. हलवणाऱ्याची सावली पडता कामा नये. बाई हे काम गुडघ्यांवर रांगत जाऊन करतात. समोरच्या घरात दडलेला होम्स वॉटसनला सांगतो की आत्तापर्यंत आठ वेळा त्यांनी हे केलं. म्हणजे दोन तास.

वॉटसन तेव्हा रस्त्याच्या पलीकडे आहे. त्याला दिसते ती पडद्यावरची होम्सची सावली. खोलीत काय चाललंय ते सांगायला कुणी नाही. आपल्याला नंतर जबानी मिळते तेवढीच. बाई सांगतात की तुम्ही म्हणालात तशी गुडघ्यांवर गेले. पुढे, गोळी डोक्यातून आरपार जाऊन भिंतीवर चेपली, एवढा सुंदर पुतळा बिघडला याचं वाईट वाटतं, आणि गालिच्यावरून उचललेली ही घ्या गोळी. पुरावा जपून ठेवणारी, गोळीचा मार्ग नेमका सांगणारी साक्षीदार. लेस्ट्रेडने कित्येक कथांत इतकं चोख काम केलेलं नाही.

चित्रकाराला इथे खरी डोकेफोड आहे. दिवा खोलीच्या आतल्या बाजूला, पुतळा दिवा आणि पडदा यांच्या मध्ये, लहान स्टँडवर होम्सचा जुना ड्रेसिंग गाउन गुंडाळून ठेवलेला. बाईंनी समोरच्या बाजूने काम करायचं आणि तरी पडद्यावर दिसायचं नाही. मग त्यांचं डोकं खिडकीच्या कठड्याच्या खाली हवं, दिव्याचा झोत त्यांच्या वरून जायला हवा, आणि हात खालून वर गेलेले हवेत. शिवाय साल १८९४. बाह्या खांद्याशी फुगलेल्या, कमरेला कॉर्सेट, परकर जमिनीपर्यंत. या कपड्यांत गुडघ्यांवर जायचं, मेणाचं डोकं किंचित वळवायचं, तशाच मागे सरकायचं आणि पाव तासाने पुन्हा. अंगावर उजेड कमी, चेहरा तर अंधारातच. म्हणजे ज्या चित्रात हडसनबाई सगळ्यात जास्त हडसनबाई आहेत, त्यात त्यांचा चेहरा काढायची गरजच पडत नाही. हात, पाठ, परकराचा घोळ आणि डोक्यावर झुकलेला होम्सचा मेणाचा मुखवटा. अंबाडा काळा की पांढरा, याने काही फरक पडत नाही.

मुख्य पात्राला निवेदक मिळालेला असतो. दुय्यम पात्र निवेदकाची पाठ वळली की काय करतं हे कुणी लिहीत नाही, आणि चाहत्यांच्या कलेला सगळ्यात सुपीक रान तेच आहे. ट्रे घेऊन दारात उभी असलेली बाई वॉटसनने आधीच दाखवलेली असते. त्याचंच चित्र पुन्हा काढणं म्हणजे वॉटसनची नक्कल.

दुसरा असाच प्रसंग भिंतीचा. होम्स आरामखुर्चीत बसून पिस्तुलाने समोरच्या भिंतीत राणीची आद्याक्षरं उमटवतो, उत्तर न दिलेली पत्रं सुरीने लाकडी मँटलपीसमध्ये खुपसून ठेवतो, कोळशाच्या भांड्यात सिगार ठेवतो. हे सगळं वॉटसन मित्राची लहर म्हणून कौतुकमिश्रित त्राग्याने सांगतो. भिंत कुणाची होती? आपल्या सदाशिव पेठेतल्या घरमालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लावली असती. हडसनबाई काय म्हणाल्या ते वॉटसनने लिहिलेलं नाही. त्या झाडू घेऊन भिंतीचा पडलेला गिलावा गोळा करताना माझ्या डोळ्यांसमोर येतात, आणि शेजारी भाड्याचा हिशोब मांडलेली वही.

कौतुक आणि त्याची जात

या बाईंवर प्रेम करणारे काही आजचे नाहीत. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर मॉर्ली यांनी 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' ही होम्सप्रेमींची मंडळी सुरू केली. तिच्या नियमांत कुणाकुणाच्या नावाने प्याले उंचवायचे तेही ठरवलेलं आहे, आणि त्यात आयरीन ॲडलर, म्हणजे होम्सच्या भाषेत 'ती स्त्री', तिच्यासोबत मिसेस हडसन आहेत. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट आहे, वॉटसनची दुसरी बायकोही आहे. बाईंच्या नावाने प्याले उंचवणाऱ्या या मंडळीत प्रत्यक्ष बायकांना सदस्यत्व मिळालं ते १९९१ मध्ये. पितळी तबक घेऊन दारात उभी असलेली बाई सगळ्यांना हवी होती, आत येऊन बसणारी नको होती. आजच्या चित्रांतल्या ट्रेकडे बघताना मला हे आठवतं, त्याला इलाज नाही.

आजची परिस्थिती चित्रकारांना सोयीची आहे. होम्सच्या कथांवरचा प्रताधिकार अमेरिकेतही २०२३ च्या सुरुवातीला पूर्ण संपला, ब्रिटनमध्ये तर त्याआधीच. म्हणजे टेरियर, करी, गुडघ्यांवरचे ते दोन तास, सगळं खुलं आहे. मालिकांमधल्या नट्यांच्या चेहऱ्यांचं आणि त्या मालिकांनी नव्याने रचलेल्या भूतकाळाचं तसं नाही. त्यामुळे कॉमिक कॉनमध्ये स्टॉल लावून प्रिंट विकणाऱ्यांना मूळ पुस्तक उघडणं व्यवहाराच्या दृष्टीनेही परवडणारं आहे.

एक धागा सुटा राहतो तो मोलकरणीचा. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये दहा वाजता जी टपटप पावलं दारावरून गेली, ती हडसनबाईंची नव्हती. बेकर स्ट्रीटच्या त्या सतरा पायऱ्या रोज पुसणारं, होम्सच्या रसायनांची भांडी घासणारं, कोळसा वर नेणारं कुणीतरी घरात होतं. तिला तर आडनावही मिळालेलं नाही. हडसनबाईंना निदान प्याला तरी मिळाला.